पुढचा दात, वरचा सूर

आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही. वाटू नयेच. पण आत यंत्राची घरघर चालू आहे, नंबर लागायला वेळ आहे, आणि तुम्ही सगळे गाल धरून असे बसला आहात, जणू आत दात नाही, मुंडकंच काढतात. तेव्हा ऐका. ऐकताना दुखत नाही, हा माझा अनुभव आहे.

दवाखाना कुठला ते विचारू नका. दवाखाने सगळीकडे सारखेच. अरुंद जिना, दुसऱ्या मजल्यावर बाहेर उघडणारं काचेचं दार, दाराआड एक बाकडं, आत दोन खुर्च्या, आणि सगळीकडे लवंगेच्या तेलाचा वास. त्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. हात असा हलका, की एक गृहस्थ दात काढून झाल्यावरही अर्धा तास तोंड उघडं ठेवून बसले होते. शेवटी वैतागून म्हणाले, "अहो, सुरुवात कधी करणार?"

तिच्या हाताखाली एक ताई होत्या. या ताईंनी इतके जबडे पाहिले होते, की माणसाचा चेहरा त्यांच्या लक्षात राहत नसे, दाढा राहत. "कोण ते? हां, ते खालची डावी अक्कलदाढ!" अशी त्यांची ओळख पटायची.

दिवसभर लोक डॉक्टरणीला प्रश्न विचारायचे. दुखेल का? किती दुखेल? वाचेल का दात, की काढावाच लागेल? ती प्रत्येकाला न कंटाळता उत्तर द्यायची. तिला मात्र कुणी, बाई गं, तू कशी आहेस, असं विचारत नसे. विचारलंच असतं, तरी विचारणाऱ्याच्या तोंडात कापूस असायचा.

आणि वरच्या मजल्यावर राहायला आला एक ट्रम्पेटवाला.

खोलीत वाजवलं की घरमालक काठीने भिंत ठोकायचा, म्हणून हा जिन्यात वाजवायचा. जिन्यात आवाज घुमतो. खालून वर चढणारा सूर याच्या ट्रम्पेटमधून निघाला, की पायऱ्या चढत गच्चीपर्यंत जायचा आणि दम न लागता परत यायचा. ताईंनी पहिल्याच दिवशी त्याचं बारसं करून टाकलं, "भोंगेराव."

एके दुपारी बाहेर पाऊस भुरभुरत होता. खुर्चीवर एक जाडजूड गृहस्थ आ वासून पडले होते, डॉक्टरणीचं बोट त्यांच्या तोंडात, आणि जिन्यात भोंगेरावांनी असा एक वरचा सूर लावला, की गृहस्थ दचकले. दचकलेला माणूस पहिलं काय करतो? तोंड मिटतो.

बोट सोडवून घ्यायला ताईंची मदत लागली. मग डॉक्टरीण तडक निघाली. बोट ठणकतंय, डोळ्यांत पाणी, डोक्यात राख. आज याला सोडायचा नाही! तिने दाराला असा धक्का दिला...

आता दार बाहेर उघडतं, हे मी सांगितलं. दाराबाहेर भोंगेराव डोळे मिटून वाजवत उभे होते, हे तुम्हाला कळलंच असेल. दार ट्रम्पेटवर, ट्रम्पेट तोंडावर आणि...

"तुम्हाला काही कळतं का? इथे आजारी माणसं—" ती म्हणाली, आणि थांबली.

तो तोंडावर तळवा धरून उभा होता. केसांवर जिन्याच्या खिडकीतून आलेले पावसाचे बारीक थेंब. डोळे मात्र हसू की रडू अशा बेतात.

"बघू," ती म्हणाली. आवाजातली राख कुठल्या कुठे उडाली होती.

"काही नाही झालं."

"हात काढा. मी दातांची डॉक्टर आहे."

"ते आलं लक्षात," तो तळव्याआडून म्हणाला. "गिऱ्हाईक असं दारातच गाठता होय तुम्ही?"

पुढच्या दाताचा कोपरा उडाला होता. तुटलेला तुकडा मिळाला तर परत चिकटवता येतो, म्हणून डॉक्टरीण, ताई आणि खुद्द रोगी, तिघंही जिन्यात गुडघ्यांवर रांगत शोधत राहिले. तुकडा काही मिळाला नाही. तिच्या कपाळाला त्याचं कपाळ मात्र दोनदा लागलं.

"आता माझं डोकंही फोडणार का?" तो म्हणाला.

"त्याचा दवाखाना वेगळा असतो," ती म्हणाली, आणि आपण हसतो आहोत हे तिच्या उशिरा ध्यानात आलं.

दाताच्या रंगाचं सिमेंट घेऊन ती कामाला बसली. काम चांगलंच करायचं होतं तिला, अपराधच तसा होता. पण खुर्चीवरच्या दिव्याखाली तिला दिसलं, की त्याच्या वरच्या दोन दातांच्या बरोबर मध्ये एक फट आहे. काडी जाईल एवढी. आणि माणूस किती देखणा! चित्रावर शाईचा डाग पडावा तसं तिला वाटलं. आता हात लागलाच आहे, तर तेवढंही करून टाकू. हे त्याला विचारायला हवं होतं. पण त्याच्या तोंडात कापूस होता, आणि तोंडात कापूस असलेल्या माणसाला काही विचारायचं नसतं, ही तिची जुनी सवय. तिने कोपरा भरला, फट भरली, निळा दिवा धरून सिमेंट पक्कं केलं, घासलं, पुसलं, चकाकी आणली. असं काम, की निसर्गाने येऊन शिकवणी लावावी.

आरसा त्याच्यासमोर धरून ती म्हणाली, "बघा! कसा झालाय?"

त्याने जीभ दातांवरून फिरवली. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. मग त्याने आरशावरून नजर उचलली आणि तिच्याकडे पाहिलं. तिचा चेहरा आनंदाने नुसता फुलला होता.

"सुंदर," तो म्हणाला.

"दात ना?"

"दातही."

ताईंना अचानक खोकला आला.

दुसऱ्या दिवसापासून दवाखान्याच्या मधल्या सुट्टीत, डॉक्टरीण डबा उघडायच्या बेतात असली, की दारावर टकटक व्हायची.

"एक शंका होती, डॉक्टर."

"बोला."

"दात साफ करून घेतले की ढिले होतात, असं माझा मामा म्हणतो."

"दातांवर दगडासारखा थर साचलेला असतो, तो आपण काढतो. थर गेला की मोकळं मोकळं वाटतं, आणि लोकांना वाटतं दात हलला. दात नाही हलत, माणूस हलतो."

"बरोबर. माणूस हलतो," तो म्हणाला आणि तिथेच उभा राहिला, हललाच नाही.

तिसऱ्या दिवशी, "वरची दाढ काढली की डोळे अधू होतात म्हणे?"

"डोळ्यांचा आणि दाढेचा काही संबंध नाही."

"नक्की? कारण या खुर्चीतून उठल्यापासून मला एकच माणूस दिसतोय."

"ताई," डॉक्टरीण डब्यात बघत म्हणाली, कान मात्र लाल, "यांना बाहेरचं दार दाखवा."

"दार त्यांना चांगलं ठाऊक आहे, मॅडम. तोंडपाठ आहे," ताई म्हणाल्या.

मग हिरड्यांतून रक्त आलं तर ब्रश बंद ठेवावा का, असं विचारून झालं. बंद नाही, मऊ ब्रश घ्या आणि हलक्या हाताने घासत राहा, रक्त येतं ते घाण साचल्यामुळे, असं तिने सांगितलं. तर हा म्हणाला, "हलका हात म्हणजे नेमका किती, ते एकदा दाखवाल?" दाखवता दाखवता तिने त्याच्या तळहातावर ब्रश फिरवला. दोघंही त्या तळहाताकडे बघत राहिले... जणू तिथे दात उगवणार होते.

दुखत नसलेला दात दाखवायला यावं का, हेही त्याने विचारलं. "यावं," ती म्हणाली. "दुखायच्या आधीच यावं. नंतर फार उशीर होतो." आणि हे बोलताना आपण दातांबद्दलच बोलतोय ना, अशी तिची तिलाच शंका आली.

असे दिवस गेले. डॉक्टरीण डब्यात दोन चमचे ठेवू लागली. आरशात स्वतःचे दात सोडून स्वतःलाही बघू लागली. आणि एके संध्याकाळी हत्यारं पुसता पुसता ताई म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू? भोंगेराव रोज येतात, शंका घेऊन येतात. भोंगा कुठे असतो?"

डॉक्टरणीच्या हातातला चिमटा तसाच राहिला. खरंच की. जिना मुका झाला होता. कधीपासून? दार लागल्याच्या दिवसापासून. तिला वाटलं होतं, आपल्या रोग्यांची काळजी म्हणून तो वाजवत नाही. किती समजूतदार माणूस, असं म्हणून तिने मनातल्या मनात त्याला वरचे गुणही दिले होते.

ती वर गेली. खोलीला कुलूप. गच्चीवर पाण्याच्या टाकीआड, ट्रम्पेटच्या तोंडात फडकं कोंबून तो उभा होता. सूर खालून निघाला, एकेक पायरी चढला, वर, अजून वर... आणि शेवटच्या पायरीवर फुस्स. नुसती हवा. त्याने ओठ पुसले. पुन्हा तेच. पुन्हा फुस्स. तिसऱ्यांदा त्याने ट्रम्पेट खाली केला आणि टाकीला कपाळ टेकवलं.

"हे कधीपासून?" तिने विचारलं.

तो दचकला. "काही नाही, ओठ जरा... पावसाळी हवा आहे ना."

"ती फट. वारा तिथून जायचा ना?"

त्याची जीभ नकळत त्या जागी गेली. नको असलेलं उत्तर डॉक्टरला नेमकं कळतं.

"मी तुमचा सूर बुजवला," ती म्हणाली. "सिमेंट घालून. आणि वर आरसा दाखवला! तुम्ही त्याच दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगणार होतो. पण तुम्ही आरसा धरून अशा हसत होता... माझ्याकडे बघून असं कुणी कधी हसलं नव्हतं."

"मी दाताकडे बघून हसत होते!"

"ते मला नंतर कळलं," तो म्हणाला. "तोवर उशीर झाला होता. दुखायच्या आधी यायला हवं होतं."

तिला हसू आलं, मागोमाग हुंदकाही, आणि दोघांची ओठांच्या दारात गर्दी झाली.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. शुक्रवारी त्याची परीक्षा होती. एका मोठ्या जहाजावरच्या बँडमध्ये जागा होती, लहानपणापासून जिच्यावर डोळा ठेवला तीच. तिथे तो वरचा सूर लागतोच. लागला तर वर्षभर समुद्रावर.

"आणि नाही लागला तर?"

"तर इथेच. वाईट काय आहे? जिना आहे, तुम्ही आहात. ब्रश गोल फिरवायचा की वर-खाली, हे अजून विचारायचं राहिलंय."

तो हे हसत म्हणाला. पण बोटं ट्रम्पेटच्या कळांवरून फिरत होती, आवाज न करता.

त्या संध्याकाळी डॉक्टरीण दवाखान्यात एकटी बसून राहिली, आणि तिच्या मनातल्या दोन बायका कडाकडा भांडल्या. एक म्हणाली, तुला कुणी काही कर म्हटलंय का? काही करू नकोस, बस. दात सुंदर आहे, तो स्वतःच म्हणाला. शुक्रवार निघून जाईल, माणूस राहील. दुसरी म्हणाली, हो, राहील. रोज डब्यावर येईल, शंका विचारेल, आणि तू रोज त्याच्या दातांकडे बघशील. बघवेल? पहिली म्हणाली, सवय होईल. दुसरी म्हणाली, तेच तर. त्यालाही होईल.

मग तिने फोन उचलला. "उद्या सकाळी या. ट्रम्पेट घेऊन."

सकाळी एका खुर्चीवर एक मावशी होत्या. दाढ काढायची, भूल दिलेली, जबडा बधिर व्हायची वाट बघत तोंडात कापूस धरून बसलेल्या. दुसऱ्या खुर्चीवर हा, मांडीवर ट्रम्पेट. बाहेर बाकड्यावर माणसं.

अडचण अशी, की मूळ फट किती होती हे कुणाला ठाऊक? माप घेतलेलं नाही. जास्त झाली तर सूर शिट्टी होणार, कमी राहिली तर फुस्स. तेव्हा एकच मार्ग. घासायचं, वाजवायचं. घासायचं, वाजवायचं.

तिने वाळूच्या कागदासारखी पातळ पट्टी दोन दातांमध्ये सरकवली. एक हलका हात. "वाजवा."

फुस्स.

पुन्हा पट्टी. "वाजवा." फुस्स, पण जरा कमी. तिला सुरातलं ओ की ठो कळत नव्हतं. ती त्याच्या डाव्या भुवईकडे बघत होती. सूर हुकला की भुवई खाली यायची. सूर जवळ आला की वर जायची, आणि तिथेच थरथरायची. तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर. त्याचा श्वास तिच्या मनगटावर. तिने आपलं सगळ्यांत देखणं काम कणाकणाने पुसलं.

असं करता करता एक सूर निघाला. बरा होता. चांगला होता म्हणा. बाहेरून कुणीतरी "वा!" म्हणालं. ताईंनी टाळी वाजवली.

"झालं की," तो म्हणाला. "पुरे. एवढ्यावर भागेल."

पण भुवई अजून थरथरत होती.

इथे ती थांबली असती, तर कुणाला कळलं नसतं. त्यालाही नाही. परीक्षेत सूर थोडा कमी पडला असता, लोक म्हणाले असते दुर्दैव. तिला मात्र कळलं असतं. तिने त्याच्या डोळ्यांत पाहिलं, पट्टी उचलली आणि म्हणाली, "आ करा. अजून एकदा."

एकच हात. वाऱ्यासारखा.

"वाजवा."

आणि काय सांगू तुम्हाला! सूर निघाला तो सरळ छताला जाऊन लागला. कपाटातले प्लास्टरचे जबडे कडकडा टाळ्या वाजवू लागले. बंद ठेवलेलं यंत्र आपसूक सुरू झालं. बाहेर बाकड्यावरच्या माणसांची दुखणी जागच्या जागी थांबली आणि अर्धी माणसं उठून घरी गेली. शेजारच्या खुर्चीवरच्या मावशींची दाढ, जिला चिमटाही लागला नव्हता, टुणकन उडाली आणि ट्रेमध्ये टण् करून पडली. मावशींना कळलंसुद्धा नाही!

सूर विरला. तो खुर्चीतून उतरला, फरशीवर गुडघा टेकला, डॉक्टरणीचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "डॉक्टर, हा सूर तुम्ही दिलात, आता तो तुम्हाला सोडून कुठे जाणार? जहाज गेलं खड्ड्यात! समुद्राला भरती येते, ओहोटी येते, माझ्या प्रेमाला नुसती भरतीच..." असं तो इतकं सुरेख बोलला, की ताईंच्या डोळ्यांतून धारा लागल्या, तिने लाजून मान खाली घातली, आणि शुक्रवारी ते जहाज बिचारं त्याच्याशिवायच—

"खोटं!"

बाकड्याच्या टोकाला पदराने गाल झाकून बसलेल्या बाई ताडकन उठल्या.

"साफ खोटं! इतका वेळ ऐकून घेतलं मी. कुठला दवाखाना ते विचारू नका म्हणे! हाच तो. आणि त्या खुर्चीवर मी होते. माझी दाढ टुणकन उडाली? चांगली रीतसर काढली बाईने, आणि तीही बऱ्याच वेळाने, कारण दोघांना मी तिथे आहे याची शुद्धच नव्हती! गुडघा नाही, भरती नाही, ओहोटी नाही. तो मेला एक अक्षर बोलला नाही. ट्रम्पेट पोटाशी धरून डोळे भरून बसला होता नुसता. आणि जहाज गेलं, शुक्रवारी परीक्षा झाली आणि त्याला घेऊनच गेलं. बोलली ती. माझा जबडा बधिर होता, कान नव्हते. हात धुतले, पुसले, आणि पहिल्यांदाच त्याला 'तू' म्हणाली. म्हणाली, 'जहाज कुठल्या कुठल्या बंदरात थांबतं, ते सगळं मला आजच सांगून ठेव. ऐन वेळी मला सुट्टी मिळत नाही!'"